देवपुजारी सरांचा चिमटा

मोठ्या माणसांवर लिहायचा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. तेव्हा हे धाडस वाचकांनी पोटात घालावं.

नागपूरच्या आमच्या मेडिकल कॉलेजातले देवपुजारी सर नमस्कार करायच्या आधी समोरच्याचा दंड धरत. खिशातून लोखंडी चिमटा काढत, दंडामागची कातडी त्यात पकडत आणि चरबी किती ते मोजत. चहावाला, चपराशी, एकदा तर मांडवातला नवरदेव. कोणी सुटलं नाही. "वजनकाटा भोळा असते गा," ते म्हणत. "हाड, मांस, चरबी, पाणी, समदं एकाच भावानं तोलते."

याचा अर्थ मला कळला तो कुसुम वॉर्डात आली तेव्हा. इतवारीतल्या धान्याच्या व्यापाऱ्याची ही सोळा वर्षांची मुलगी. तिनं जेवण जवळजवळ सोडलंच होतं. बरगड्या दिसत होत्या, तरी स्वतःला जाडी म्हणायची. घरच्यांनी अंगारे-धुपारे करून पाहिले होते. सरांनी आजाराचं नाव सांगितलं, अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. "पोरगी नखरे नाही करून राहिली. जिवावरचं दुखणं आहे."

एका सकाळी तिचं वजन एकदम वाढलं. बापानं वॉर्डभर पेढे वाटले. सरांनी चिमटा लावला, टेपनं दंड मोजला, मग तिच्या पायावर बोट दाबलं. खड्डा तसाच राहिला.

"शेटजी, ओली तूर वजनावर घेता का?"

"नाही जी. दातानं फोडून पाहतो."

"मग पोरीच्या वजनावर काहून पेढे वाटून राहिले? ही सूज आहे, पाणी आहे. दंड तर अजून सुकून राहिला."

शेटजींनी उरलेल्या पेढ्यांचा पुडा बांधून ठेवला. काटा भोळा कसा, ते मला तेव्हा कळलं.

कुसुम चिमट्याला घाबरायची. सर तो आधी मुठीत धरून ऊबदार करत. एकदा म्हणाले, "आधी तू माझा दंड मोज वं."

तिनं मोजला. "सर, तुमच्यात बी काहीच नाही!"

"एकटा जीव. खानावळीचा डबा अर्धा परत जाते."

त्या दिवसापासून सर दुपारचा डबा तिच्या खाटेपाशी उघडू लागले. एक घास तिचा, एक त्यांचा. "तू थांबली की मी बी थांबतो," एवढीच अट.

दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा ती धोक्याबाहेर नव्हती. कापूस वेचतानाही डोक्यात तीच. महिनाभरानं परतल्यावर वॉर्डातल्या सिस्टरनं सांगितलं, कुसुमच्या दंडावर मांस धरलं, ती आपल्या पायांनी घरी गेली.

"आणि सर?"

"येतात रोज दुपारी. त्या खाटेपाशी बसतात जरा वेळ, आणि डबा न उघडताच परत नेतात."