फाट्यावरची जादा गाडी

ड्रायव्हिंगच्या दोन क्लासांच्या मधल्या दिवशी आपला आपण सराव करायचा, हा निर्णय मी एका मंगळवारी दात घासता घासता घेतला. (माझे सगळे मोठे निर्णय तोंडात फेस असतानाच झालेले आहेत. लग्नाला होकारसुद्धा.)

घाईला कारण होतं. आमची संस्था खेड्यांतल्या शाळांसाठी फिरती प्रयोगशाळा सुरू करत होती. एक व्हॅन, तिच्यात सूक्ष्मदर्शक, लोहचुंबकं, परीक्षानळ्या आणि स्टिअरिंगवर मी. कल्पना माझी, प्रस्ताव माझा, त्यासाठी दोन वर्षं भांडलो तोही मीच. फक्त लायसन्स नव्हतं. चाचणीत दोनदा नापास झालो होतो, दोन्ही वेळा चढावर. चढावर थांबवलेली गाडी पुन्हा सुरू करायला गेलो की ती एकतर बंद पडायची, नाहीतर मागं निघायची. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी पास झालात तर व्हॅन तुमची. नाहीतर आपण ड्रायव्हर ठेवू, तुम्ही ऑफिसात बसून अहवाल लिहा."

अहवाल! पोरांना गुरुत्वाकर्षण दाखवायचं राहिलंय आणि मी अहवाल लिहू?

क्लास एक दिवसाआड असायचा. मुनव्वरभाई शिकवतात उत्तम, पण त्यांच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. दहावा क्लास संपल्यावर मी म्हटलं, "आता बरी चालवतो की मी!"

"चालवतो मी, सर," ते नम्रपणे म्हणाले. "तुम्ही वळवता."

हे सोमवारचं. म्हणून मंगळवारचा निर्णय.

गाडी माझ्या बायकोची. संयोगिता बँकेत आहे, सहा वर्षं गाडी चालवते. शिकाऊ माणसाशेजारी लायसन्सवालं माणूस लागतं आणि मी नियमाचा माणूस. (लाल रंगातला एल मी पुढं आणि मागं लावला होता. छतावर लावायला तिनं अडवलं.) पण ती म्हणाली, "तुमच्या शेजारी बसण्यापेक्षा मी ऑडिटला बसेन. बाबांना न्या."

बाबा म्हणजे माझे सासरे, केरबामामा. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर. महिनाभर आमच्याकडं राहायला आले होते आणि दुसऱ्याच दिवसापासून कंटाळले होते. किल्ली बघताच त्यांनी टोपी घातली.

कोल्हापूरबाहेर, फुलेवाडीच्या पुढं गगनबावडा रस्त्यानं सात किलोमीटर गेलो. (सात किलोमीटरला अकरा वेळा बंद पडलो.) मामांनी गाडी वळवून दिली आणि आम्ही परत निघालो. एक फाटा आला तशी ते कडाडले, "पावणं, डावीकडं घ्या! डावीकडं!"

मी करकचून ब्रेक मारला. "काय झालं?"

"थांबा हाय की हितं."

"मामा, ही बस नाही."

"म्हणून काय झालं? एकतीस वर्षांत मी एक थांबा सोडल्याला न्हाय. आणि थांबल्याशिवाय चालू करायला कसं येणार तुमास्नी?"

युक्तिवाद बिनतोड होता. पण तो पचवेपर्यंत मागचं दार उघडलं आणि मेथीनं भरलेली बुट्टी आत आली. बुट्टीमागून एक बाई आली. तिनं बाहेर हाक दिली, "ये की रं बाबालाल, जागा हाय!" आणि जेवणाचा डबा घेतलेला एक पन्नाशीचा माणूसही आत आला.

आमच्याकडं खासगी जीपगाड्या रस्त्यात हात दाखवेल त्याला कोंबून नेतात. त्याला वडाप म्हणतात. मी त्याविरुद्ध तीन अर्ज केलेले आहेत.

"मावशी, हे वडाप नाही," मी म्हटलं.

"मग काय इमान हाय व्हय?"

"अहो, मी अजून शिकतोय!"

"शिक की. आमी कुठं न्हाय म्हणालोय? शेजारी केरबाअण्णा बसल्यात न्हवं?"

या बयाबाई. मामांच्या गाडीनं वीस वर्षं कोल्हापूरच्या बाजाराला जात होत्या. बाबालाल शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. तोही मामांचाच प्रवासी.

"मामा, सांगा की यांना. हे बेकायदा आहे."

"वडाप बेकायदा," मामांनी टोपी सारखी केली. "ही जादा गाडी हाय."

खाली उतरा म्हणायला माझ्याच्यानं होईना. निदान नियम तरी पाळू म्हणून मी मागं वळलो. "पट्टे लावल्याशिवाय गाडी हलणार नाही."

"लावल्यावर हलंल न्हवं?" बाबालालनं विचारलं. (फाट्यावर येताना मी दोनदा बंद पडल्याचं त्यानं पाहिलं होतं.)

बयाबाईंनी आपला पट्टा बुट्टीला लावला. "मी बसतो की धरून. मेथीला कुठं हात हाईत?" शेवटी दोघींनाही लावला.

अर्ध्या किलोमीटरवर चढ होता आणि ऐन चढात उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह थांबलेला. मीही थांबलो. माझ्या मागं फाट्यावर न थांबणारी लांब पल्ल्याची एसटी येऊन थांबली, इतकी जवळ की आरशात फक्त तिचा नंबर दिसत होता. ट्रॅक्टर हलला. मी क्लच सोडला. गाडीनं एक गचका खाल्ला आणि बंद.

"चीत!" बाबालाल म्हणाला. तो कुस्तीचा शौकीन.

पुन्हा चालू केली. आता गाडी वीतभर मागं गेली. मागून एसटीनं हॉर्न दिला आणि आमच्या गाडीत एकदम कोलाहल झाला.

"सोड!"

"दाब दाब!"

"आरं आरशात काय बघतुयास, फुडं बघ!"

"माझी मेथी सुकाय लागली बाबा!"

त्या गोंधळात मामा शांतपणे म्हणाले, "पावणं, क्लच हळू सोडा. इंजान कापाय लागतंय ते पायाला कळतंय. तितंच पाय धरा. मग हँडब्रेक सोडा."

मी दात आवळले. डोळ्यांपुढं अहवालांचा ढीग आणला. पाय हळूहळू वर घेतला आणि खरंच, तळव्याखाली एक थरथर आली. तिथंच धरला. हँडब्रेक सोडला. गाडी क्षणभर जागच्या जागी लटकली आणि मग पुढं, वर, सरळ वर! न्यूटनला जेवढा आनंद झाला नसेल तेवढा मला झाला.

"बसलं बघा!" बाबालालनं माझ्या पाठीत थाप मारली. त्या थापेनं पाय सुटला आणि चढ संपता संपता पुन्हा चीत झालो. पण हरकत नव्हती. गुरुत्वाकर्षणाशी पहिली फेरी मी जिंकली होती.

गुरुवारी फाट्यावर चार माणसं उभी होती. शनिवारी सहा. मागं तिघांच्या वर एकही घेणार नाही, तिघांनाही पट्टा लागेल आणि कुणाकडून काही घेणार नाही, असे माझे नियम मी काच खाली करून जाहीर केले. लोकांनी आपापसांत पाळ्या लावल्या. मीही निश्चय केला होता. चढ आला की मोकळ्या रस्त्यावरही मुद्दाम थांबायचं आणि निघायचं. तीनदा, चारदा. बयाबाई म्हणायच्या, "ह्या चढाला नवस बोललाय का काय ह्यानं?" पण चीत व्हायचं प्रमाण घटत होतं.

रविवारी संध्याकाळी संयोगितानं मला समोर बसवलं.

"बँकेत मला विचारतात, सरांची नोकरी गेली का?"

"का?"

"वडाप सुरू केलंय म्हणे!"

"वडाप नाही, सराव आहे. शिवाय लोकसेवा."

"सीटखाली कोथिंबीर सापडली मला. पाणी घातलं तर उगवेल." मग ती वडिलांकडं वळली. "बाबा, तुम्ही तरी?"

"टायमात चालवत्यात पावणं," मामा म्हणाले. "सात पन्नासचा टाईम अजून चुकीवला न्हाय."

शुक्रवार आला. शेजारी निरीक्षक, मागची सीट रिकामी. चढावर थांबायला सांगितलं. थांबलो. गाडीत इतकी शांतता होती की मला काही सुचेना. मग मी स्वतःच पुटपुटलो, "सोड... दाब... आरं फुडं बघ..." निरीक्षकांनी चमकून माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात पायाला थरथर कळली, हँडब्रेक सोडला आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली.

पास!

दोन आठवड्यांनी लायसन्स हातात आलं, त्यानंतर व्हॅन. मामा तोवर गावी परतले होते. पहिली शाळा अकराला होती, पण मी सातलाच निघालो. ज्यांनी मला घडवलं त्यांना आधी दाखवायला नको? फाट्यावर बरोबर सात पन्नासला व्हॅन लावली. बंद न पाडता. मागं प्रयोगशाळा असली तरी पुढं माझ्या शेजारी दोघांची जागा होती.

"चला, बसा!"

बयाबाईंनी बुट्टी उचलली, दार उघडलं आणि आत डोकावल्या. "केरबाअण्णा कुठं हाईत?"

"गावी गेले. आता त्यांची गरज नाही. मी पास झालो!" मी खिशातून लायसन्स काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते बाबालालला दिलं. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं, मागची बाजू बघितली आणि परत दिलं.

"झ्याक हाय," तो म्हणाला.

"मग बसा की."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. बयाबाईंनी बुट्टी पुन्हा खाली ठेवली आणि आजारी माणसाच्या खोलीचं लावावं तसं व्हॅनचं दार हळूच लावलं.

"तुमी व्हा फुडं, सर. आमी यष्टीनं येतो."

पुढची एसटी पाऊण तासानं होती.