मुरलीभाऊंचा न तुटणारा चाकू

मुरलीभाऊ डावीकडे झुकून चालतात. पायाला काही झालेलं नाही. पँटच्या डाव्या खिशात चाकू आहे. घडीचा चाकू खिशात मावावा म्हणून घडीचा असतो. हा घडी घातल्यावरही मावतो, असं फक्त मुरलीभाऊंना वाटतं. खिसा दोनदा फाटला. आता आतून तांदळाच्या बारदानाचं अस्तर आहे.

सौंदडला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान, मागे घर, आणि भिंतीला भिंत लावून मी. चाकू त्यांनी मोबाइलवर पाहून मागवला. पार्सल फोडलं तेव्हा वहिनी, म्हणजे त्यांची बायको, अंगणात तांदूळ पाखडत होत्या.

"झाड तोडाचं हाय का जी?" त्या म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत बोलत राहिल्या. मुरलीभाऊही मागे हटले नाहीत. त्या दोघांमुळे आमच्या घरी वेगळा रेडिओ लागत नसे.

"तुटन का? जिंदगीत नाई!" हे मुरलीभाऊंचं पालुपद, आणि ते खरं आहे. त्या चाकूनं त्यांनी गंजके डबे उघडले, खिळे ठोकले, रिममध्ये रुतलेले टायर उपटले. कापणं तेवढं जमत नाही. पातं इतकं जाड की टोमॅटो कापला जात नाही, शरण येतो. एकदा माझ्यासाठी पेरू कापायला घेतला, तर अर्धा उडून रस्त्यावरच्या बकरीला मिळाला. एका लग्नात मांडवाची दोरी कापायला ते पुढे झाले. दोन्ही हातांनी पातं उघडेपर्यंत आचाऱ्यानं काडी लावून दोरी जाळलीसुद्धा. तरी खरं सांगतो, तो चाकू हातात घेतला की धीर येतो. निदान एक वस्तू आपल्या आधी मोडणार नाही, असं वाटतं.

पण मुरलीभाऊ तो हातात देत नाहीत. गिऱ्हाईक असो की जावई, चाकू जमिनीवर ठेवतात.

"हातोहात देल्लं का भांडण होते, गुर्जी. खाली ठेवतो, उचला."

मी हसतो आणि वाकून उचलतो.

गेल्या वर्षी वहिनींना लकवा मारला. हातापायात हळूहळू जीव आला, वाचा मात्र आली नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, तुम्ही बोलत राहा. मुरलीभाऊ बोलत राहिले. पलीकडून उत्तर येईना. भिंतीपलीकडची ती शांतता मलाही सोसवत नव्हती.

परवा सकाळी हवा भरायचा पंप मागायला गेलो. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या, पुढ्यात वांगी. विळी त्यांना झेपत नाही, सुरीची बारीक मूठ हातातून निसटते. मुरलीभाऊंनी आपला चाकू उघडला आणि ती जाडजूड मूठ थेट त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांची बोटं सावकाश मिटली.

"मुरलीभाऊ, हातात?" मी न राहवून विचारलं.

"रोजच देऊन राहिलो, गुर्जी." त्यांनी मान वळवली नाही. "एक भांडण होऊन जाऊ द्या. घर खायले धावते."

वांगं चिरलं नाही, चेंगरलं. वहिनींनी वांग्याकडे पाहिलं, चाकूकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. ओठ हलले.

"झाड..." त्या अडखळल्या. "झाड तोडाचं..."

मुरलीभाऊ उठून उभे राहिले. खिसा रिकामा होता, तरी डावीकडे झुकलेलेच. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"आयकलं का, गुर्जी?" ते ओरडले. "भांडून राहिली!"