गोदाची तार

भागोजी पोस्टमनने तार हातात दिली आणि ती शेजारच्या हरिश्चंद्र मास्तरांकडून वाचून घ्यावी असं सुचवलं, तिथेच आप्पांनी ठरवलं की तार आपणच वाचायची. रत्नागिरीच्या कचेरीत सत्तावीस वर्षं कारकुनी केलेला माणूस सात शब्दांसाठी मास्तराच्या पडवीत का म्हणून जाईल?

तार म्हटल्यावर सगुणाबाई खांबाला धरून उभ्या राहिल्या. त्यांची आणि आप्पांची लेक गोदा मुंबईला सासरी होती आणि तिचे दिवस भरायला अजून महिना होता.

आप्पांनी चष्मा पुसून वाचलं, ‘गोदा बोअर सन फ्रायडे मॉर्निंग बोथ वेल’, आणि ते हसले. वैशाखात त्यांच्या घरामागची आणि बागेतली अशा दोन्ही विहिरी आटल्या होत्या. जावयाच्या ओळखीचा एक बोअरवाला होता, त्याला विचार म्हणून आप्पांनीच गोदाला पत्र टाकलं होतं.

“गोदाने बोअरचं जमवलंन,” ते म्हणाले. “हे सन नव्हे, सून. तारवाल्याने एक ओ गाळलान.”

“कोणाची सून?”

“कोणाची नाही. सून म्हणजे लवकर. शुक्रवारी सकाळी. बोथ वेल, दोन्ही विहिरींत.”

“आणि ती कशी आहे?”

“बरी असल्याशिवाय बोअर ठरवील काय?”

बोअरची लॉरी आत यायला हवी म्हणून आप्पांनी कुंपणाचा दहा हात दगडी गडगा पाडला, पाच केळी तोडल्या. सगुणाबाई अबोलीचा वाफा तेवढा राखा म्हणत होत्या, तोही सपाट झाला. वरच्या आळीला रोज चार हंडे देण्याचं कबूलही करून टाकलं. (पाणी अजून जमिनीत होतं, पण वाटप सुरू झालं होतं.)

शुक्रवारी सकाळी सगळी वाडी हजर. मशीनसाठी हार, नारळ. नऊ वाजले, अकरा वाजले. शेवटी हरिश्चंद्र मास्तरांनी तार मागून घेतली, वाचली आणि हळूच म्हणाले, “आप्पा, बोअर हा बेअरचा भूतकाळ.”

“बेअर म्हणजे अस्वल. मला शिकवू नका.”

“अस्वल वेगळं. हे बेअर म्हणजे सोसणं, वाहणं, जन्म देणं. गोदाला मागच्या शुक्रवारी मुलगा झाला. बोथ वेल, दोघंही खुशाल.”

आप्पांना आनंदाने रडावं की लाजेने घरात जावं ते कळेना. सगुणाबाईंनी मात्र डोळ्यांना पदर लावला, नारळ फोडला, सगळ्यांच्या हातावर खोबरं-साखर ठेवली आणि दुपारच्या एसटीने मुंबई गाठायला त्या एकट्याच निघाल्या. आप्पांना यायचं होतं, पण पडलेल्या गडग्यातून गुरं आत येत होती.

पंधरा दिवसांनी जावयाचं बारशाचं पत्र आलं. चांगलं ठळक मराठीत होतं. पत्ता मात्र हरिश्चंद्र मास्तरांचा होता, आणि वर लिहिलं होतं, ‘आमच्या सासऱ्यांना समजावून सांगावे.’