मुरारी फोटोवाल्यांचे अंतरंग-दर्शन

एकदा होते ती चूक. बेचाळीस वेळा होते ती शैली. कलेचा हा नियम सन १९६१ च्या शिमग्यात महाड मुक्कामी सिद्ध झाला, आणि तो सिद्ध करणारे कलावंत म्हणजे आमचे मुरारी फोटोवाले. प्रदर्शनाच्या स्वागत समितीचा चिटणीस या नात्याने पुढील हकीकत मी जबाबदारीने नोंदवीत आहे.

शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावी येतात आणि वर्षातून तेवढेच चार दिवस सगळं घर एका जागी सापडतं. त्यामुळे नाते, बिरवाडी या गावांपासून पार उमरठपर्यंतची बेचाळीस कुटुंबं त्या आठवड्यात मुरारीच्या स्टुडिओत फोटोला बसली. गर्दीत त्याची तारांबळ उडाली आणि सत्तावीस वेळा कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण काढायचंच राहिलं. (काढलं असतं तर महाडला एक बरा फोटोवाला मिळाला असता, कलावंत मिळाला नसता.) उरलेले पंधरा फोटो धुण्यासाठी अंधाऱ्या खोलीत होते. तिथे लाल काचेचा कंदील तेवत होता, तो बिरवाडीच्या चंद्राबाईंना दाराच्या फटीतून दिसला. बंद दार आणि आत लाल दिवा, म्हणजे देव असणारच. त्यांनी दार सताड उघडलं, मागच्या अकरा बायकांनाही दर्शन घडवलं, आणि उंबऱ्यावर नारळ ठेवून सगळ्या घरी गेल्या. उजेड लागून पंधराही निगेटिव्ह वाया गेल्या आणि त्यांवरून छापलेले फोटो पांढरेफटक निघाले.

साधा माणूस अशा वेळी लोकांचे पाय धरतो. मुरारी मुंबईला गेला. पंधरा दिवसांत एक प्रदर्शन पाहून आणि दाढी वाढवून परतला तो 'आत्मा' हा शब्द तोंडात घेऊनच. वैशाखात एका बंद भातगिरणीत त्याचं 'अंतरीचा अंधार, अंतरीचा प्रकाश' हे प्रदर्शन भरलं. प्रेक्षकाला अनुभवात संपूर्ण बुडवणारं हे कोकणातलं पहिलंच प्रदर्शन, असं पत्रकात छापलं होतं. (महाडकरांना बुडवण्याचं काम तोवर एकटी सावित्री नदी करीत असे.)

पहिल्या दालनात खिडक्यांना गोणपाटं, मिट्ट काळोख आणि भिंतींवर सत्तावीस काळे फोटो. दुसऱ्यात सहा गॅसबत्त्या आणि पंधरा पांढरे. पाहणारे एकशे तेरा. पैकी काळोखात आपटलेले नऊ, दुसऱ्याची चप्पल घालून गेलेले चार, 'कळलं नाही' म्हणणारे शून्य. आमचे हेडमास्तर एका चौकटीपुढे बराच वेळ हात जोडून उभे होते. ती बंद खिडकी होती, हे त्यांना सांगणं समितीला प्रशस्त वाटलं नाही.

समारोपाला उमरठची गोदूबाई आली. तिचा सदू मुंबईला गिरणीत होता. शिमग्याला आला, आईशेजारी बाकावर बसून आयुष्यातला एकुलता एक फोटो काढला, परत गेला आणि चैत्रात तापाने वारला. दहनही तिकडेच झालं. तेव्हापासून ती पोलादपूरपर्यंत चालत आणि पुढे एस.टी.ने अशा चार खेपा घालून गेली होती, आणि चारही वेळा 'फोटो धुण्यात आहे' हेच ऐकून गेली होती. आज भाषणांसाठी गोणपाटं काढली होती. मुरारीने तिला आदराने सतरा नंबरच्या काळ्या चौकटीपुढे उभं केलं.

“ह्यो सदू?”

“बाह्य रूप नाही, आई. हे अंतरंग आहे.”

तेवढ्यात अध्यक्ष, निवृत्त मामलेदार महिपतराव, बोलायला उठले. या काळ्या चौकटींत आपल्याला कोकणातल्या प्रत्येक माउलीचा लेक स्पष्ट दिसला, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर गोदूबाई पुढे झाली.

“सायब, तुमाला दिसला ना? मंग एवढं सांगा. मी त्याच्या बाजूलाच बसलेली, पन फोटोवाला बोलला, हलायचं नाय, समोर बघायचं. मला त्याचं तोंड बघाया मिळालं नाय. हसत व्हता का वो त्यो?”

महिपतरावांनी घड्याळ पाहिलं. मुरारीने दाढी खाजवली. बाकीचे कलारसिक जमीन न्याहाळू लागले. मी सगळ्यांत जवळ होतो, म्हणून ती माझ्याकडे वळली. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस जे करतो तेच मी केलं.

“हसत होता, गोदूबाई.”

“पुढला दात पडलेला, त्यो दिसतो?”

“दिसतो.”

“मंग सदूच हाय,” ती म्हणाली. चौकट पदरात घेतली आणि एस.टी. चुकू नये म्हणून लगबगीने निघून गेली.

आता ती चौकट तिच्या पडवीत आहे, आणि आल्यागेल्याला ती विचारते, सदू कसा दिसतो? आजवर 'काही दिसत नाही' म्हणणारा एकही निघालेला नाही. तुम्ही इथवर आम्हाला हसत आलात, ते योग्यच आहे. आता एकदा उमरठला जा, तिच्या हातचा चहा घ्या, आणि तिला खरं काय ते सांगून या.