उतार आंबट निघाला

भिवाजीच्या नव्या खोलीच्या छपराला उतार आहे की नाही, हा प्रश्न शासनाच्या विचाराधीन होता. रामाकोना गावात तो सगळ्यांना उघड्या डोळ्यांनी दिसत होता, पण उघड्या डोळ्यांना शासनमान्यता नसते. नियम असा, की तीन फूट आडव्याला एक फूट उतार सिद्ध झाल्याशिवाय टिनं ठोकायची नाहीत. ठोकली तर उपटून नेऊ. इकडे भिवाजीला घाई. लेक ऋतुजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. पौषातल्या थंडीत बाळबाळंतिणीला काय चांदण्यांखाली निजवायचं?

उपयंत्री, म्हणजे सरकारी इंजिनिअर, श्रीकांतसाहेब तालुक्याच्या सौसरहून मोजायला आले. शिडीवर चढण्याचे आदेश नसल्यामुळे त्यांनी उतार मोजणारा मोबाइल अंगणातच ठेवला. मोबाइल म्हणाला, उतार शून्य.

"साहेब, थो त आंगनाचा उतार मोजून राहिला!" भिवाजी म्हणाला.

"मोबाइल खोटं बोलत नाही, भिवाजी."

"आमचा बाप त संत्रं सोडून पाहे. घरंगळलं का उतार बराबर!"

घ्या! बोलून बसला लेकाचा. ज्याच्या घरामागे फळांनी लगडलेली संत्र्याची वाडी, त्याने साहेबापुढे संत्र्याचं नाव काढावं?

साहेबांचे डोळे चमकले. एक टिन वर तात्पुरतं टेकवलं, भिवाजीने शिडीवरून पन्हळीत संत्रं सोडलं. ते गडगडत आलं. खाली जमलेल्या मंडळींनी ते झेललं, सोललं आणि वाटून खाल्लं. पंचनाम्यात नोंद झाली: 'उतार आढळला. पुरावा जमावाने गिळला.'

कचेरीने प्रकरण परत पाठवलं. पुरावा सोबत जोडावा म्हणून. भिवाजीने दुसरं संत्रं घरंगळवलं आणि फाइलीबरोबर रवाना केलं. उत्तर आलं: 'पाठवलेला उतार आंबट निघाला. फेरमोजणी करावी.'

"उतार आंबट?" भिवाजीची बायको प्रेमलता कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुम्ही का छप्पर चाटाले देलं त्याईले?"

भिवाजीने टोपली पाठवली. शेरा आला, 'उतारात सुधारणा आहे.' पेटी पाठवली. 'उतार समाधानकारक, मात्र मोठ्या साहेबांच्या घरी अद्याप मोजला गेलेला नाही.' आणखी पेट्या गेल्या. आता उतार इतका उत्तम झाला, की वरच्या कचेरीनेही तो नमुन्यादाखल मागवला. खोलीवर आपलं आभाळच होतं.

ऋतुजा आली तेव्हा सगळ्या वाडीत एकच संत्रं उरलं होतं. आणि पोरीला डोहाळे नेमके संत्र्याचे!

"बाबा, थे मले पाह्यजे," तिनं फांदीकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात श्रीकांतसाहेब दारात हजर. "भिवाजी, एवढं एक द्या. अखेरची मोजणी. नाहीतर मृग बहाराची पुढची फळं हाती येईपर्यंत प्रकरण बंद."

भिवाजी झाडाखाली गेला. इकडे छप्पर, तिकडे लेक. शेवटी त्याने ते संत्रं तोडलं आणि लेकीच्या हातात ठेवलं.

तिनं फोड तोंडात टाकली. "आंबट कोन म्हने, बाबा? साखर हाय साखर!"

भिवाजी आधी खो खो हसला, मग असा भडकला की साहेब दोन पावलं मागं सरले. "काऊन साहेब? माह्या लेकीच्या डोक्यावरचं छप्पर आंबट म्हनून खाऊन राहिले काय?" हातोडा घेऊन गडी शिडीवर चढला, प्रेमलताने खालून टिनं दिली. दिवस मावळायच्या आत काम फत्ते!

संक्रांतीला त्याच छपराखाली नातीने पहिला टाहो फोडला. बारशाला पाहुण्यांच्या आधी नोटीस आली: 'उतार अनधिकृत. मृग बहारात पेट्यांसह मोजणीस हजर राहावे, अन्यथा टिनं उपटण्यात येतील.'

हसताय? हसा की. फक्त एक आठवून पाहा. गेल्या हिवाळ्यात कचेरीतल्या त्या तुमच्या ओळखीच्या माणसाने पिशवीभर संत्री आणून दिली होती. घरच्यांनी मिटक्या मारत खाल्ली. असली गोडी बाजारात मिळत नाही, असंही तुम्ही म्हणालात. ती कोणाच्या छपराची होती, विचारलंत?