चेटकिणीचा डबा

शोक पाळायचे सगळे नियम योगिनीने नीट तपासले होते. वर्ष सरेपर्यंत सण नाही, आकाशकंदील नाही, चुलीवर कढई चढवायची नाही. कोडं घालू नये असं मात्र कुणीही, कुठेही म्हटलेलं नव्हतं. ती नाशिकच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. जे लिहिलेलंच नाही ते पाळायचं नसतं, हे तिच्याइतक्या ठामपणे सांगणारं मळ्यात दुसरं कुणी नव्हतं.

“शास्त्र मला इचारती?” तानुआत्या म्हणाली. योगिनीच्या वडिलांची, नानांची, ही थोरली बहीण दोन मळे सोडून राहायची आणि शास्त्र तिच्याच घरून निघायचं. “बाप जाऊन वरीस नाय झालं, आन् पाडव्याला खेळ मांडती? लोकं काय म्हणतील?”

“लोकांनाही खेळायला घेऊन ये.”

आत्याने फराळाचा डबा ओट्यावर ठेवला आणि तोंड फिरवून निघून गेली.

खेळाला कारण होतं. नाना चैत्रात गेले, तेव्हापासून आई ओट्याची पायरी उतरली नव्हती. समोर झेंडू फुलला, तोडला, पिकअपमध्ये भरून बाजारात गेला. तिने मान वर करून पाहिलं नाही. विचारलं तर उत्तर द्यायची, वाढलं तर जेवायची, आणि रात्री आढ्याकडे बघत पडायची. ‘जरा मळ्यात फिरून ये’ असं सगळ्यांचं म्हणून झालं. उपदेशाला आई बधत नव्हती. गोष्टीला मात्र ती पहिल्यापासून भुलायची. नाना दर दिवाळीच्या पाडव्याला चिवड्याचा डबा मळ्यात दडवायचे, एक गोष्ट रचायचे, आणि गोष्टीच्या खुणांवरून सगळ्यांना पळवायचे. यंदा ते काम योगिनीने अंगावर घेतलं.

गोष्ट तिने झोकात रचली होती. एका राजाची झोप चेटकीण चोरते. चेटकिणीचा डबा उघडायचा आणि त्यातल्या वस्तूंवरून माग काढत झोप सोडवून आणायची. डब्यात कापडाची बाहुली, झाडावरचं लिंबू, मूठभर लाल मिरच्या आणि काळा दोरा. सामान बघून तिलाच आपलं कौतुक वाटलं.

“ताई, मी काय करू?” धाकट्या ज्ञानेशने विचारलं.

“तू काहीही करायचं नाहीस.”

“जमेल,” तो म्हणाला. आणि नेमकं तेवढंच त्याला जमलं नाही.

झालं असं, की घट्ट झाकणाचा म्हणून योगिनीने जो स्टीलचा डबा उचलला तो तानुआत्याचा निघाला. मागच्या कुठल्या तरी सणाचा, परत द्यायचा राहिलेला. झाकणावर ‘तानुबाई’ असं ठसठशीत कोरलेलं. पण ज्या घरात निम्मी भांडी नातेवाइकांच्या नावाची असतात तिथे नावं वाचतं कोण? ज्ञानेशने वाचलं. डबा उचलून पाहिला तर आत काहीतरी होतं. रिकामा डबा कुणी परत देत नाही, तेव्हा आईनेच साखर घातली असणार. एवढा विचार करून त्याने तो बाजाराला जाता जाता आत्याच्या घरी पोचवला. वर्षभरात त्याने स्वतःहून केलेलं हे पहिलं काम.

आत्याकडे जावयाचा पहिला दिवाळसण होता. जावई ओझरला विमानाच्या कारखान्यात. चौरंग, रांगोळी, चांदीची वाटी. “माहेरची साखर हाय,” असं म्हणत आत्याने त्यांच्यासमोर झाकण उघडलं आणि डबा वाटीत ओतला.

आधी लिंबू घरंगळलं. मग मिरच्या. शेवटी बाहुली, जावयाकडे तोंड करून.

विमानं बनवणारा तो माणूस पाटावरून जो उठला तो थेट अंगणात. आत्याने घरभर गोमूत्र शिंपडलं, उरलेलं जावयाच्या नव्या गाडीत शिंपडलं, सीटवर जरा जास्तच. मग सगळं पुन्हा डब्यात भरून, डबा सांडशीत धरून ती मळ्यांच्या बांधावरून चालत आली. वाटेत जो भेटेल त्याला सांगत आली.

“छाया!” तिने अंगणातूनच आईला हाक घातली. “बाहेर ये. माझ्या लेकीच्या संसारावर करणी करती? कोणत्या जन्माचं उट्टं काढलं?”

योगिनी आडवी आली. “करणी नाही आत्या, कोडं आहे ते.”

“असलं कोडं?”

“राजाची झोप हरवलीय. चेटकिणीने चोरली. हा तिचा डबा.”

आत्याने झाकणाकडे पाहिलं. झाकणावरच्या नावाकडे पाहिलं. “म्हंजे चेटकीण मी?”

आता पाय धरावेत की पळावं, हे दोनच मार्ग शहाण्या माणसाला दिसले असते. योगिनीला तिसरा दिसला. “नाव तुझं आहे, गोष्ट माझी आहे. आणि मी माफी मागणार नाही. नाना खेळायचे, मी खेळणार.”

“ताई, माग ना माफी,” पिकअपमागून ज्ञानेश कळवळला.

तेवढ्यात आई दारात आली. सांडशीतल्या डब्यातून तिने बाहुली उचलली, कापड बोटांत चोळलं. निळी चौकडी.

“यांचा शर्ट कापलास?”

“एक बाही,” योगिनी म्हणाली. आवाजातली मिजास कुठे गेली ते तिला कळलं नाही.

आईने बाहुली उलटी करून शिवण पाहिली. आत्याने सांडशी खाली केली. चौकडी तिनेही ओळखली होती.

“टाके फार वाईट घातलेस,” आई म्हणाली. “पुढे झोप सापडते का?”

“सापडते. लिंबाच्या झाडा—”

“सांगू नकोस.”

तिने लिंबू घेतलं, मिरच्या मोजल्या आणि पायरी उतरली. अनवाणी. “छाया, चपला तरी घाल,” म्हणत आत्या सांडशीसकट मागे धावली. लिंबाच्या झाडाला काळा दोरा बांधलेला होता. तिथून मिरच्या होत्या तितके वाफे मोजून आई थेट पाण्याच्या मोटारीच्या खोलीशी थांबली, आत वाकली आणि चिवड्याचा डबा काढून उभी राहिली. योगिनीने चार संध्याकाळी घालवून रचलेलं कोडं आत्याला दम लागायच्या आत सुटलं.

“सोपं होतं,” आई म्हणाली. “आता मी दडवते. तोंडं तिकडे करा. वन्सं, तुम्हीसुद्धा.”

“मला घरी जावई हायेत.”

“त्यांनाही बोलवा.”

आईची गोष्ट छोटी होती. “एक राजा होता. त्याची बायको त्याच्याहून हुशार होती. पुढचं शोधा.”

उन्हं कलली तरी ती तिघं आणि चौथे जावई बांधावर बसून होते. झेंडूचा प्रत्येक वाफा धुंडाळून झाला होता. ग्रंथपालबाईंच्या पदव्या कामी आल्या नव्हत्या. विमानांचा माणूस मोटारीच्या खोलीचं छप्पर तपासून, गुडघा खरचटून आला होता. सकाळपासून कुणाच्याही पोटात काही नव्हतं, आणि घरातून फोडणीचा वास येत होता.

“हरलो म्हणा,” आईने ओट्यावरून हाक दिली, “म्हणजे वाढते.”

योगिनीने तोंड उघडलं. भूक फार लागली होती. एकदा शरण गेल्याने काही आभाळ कोसळणार नव्हतं.

तानुआत्याने तिच्या मांडीला कचकचीत चिमटा काढला.

“तोंड उघडशील तर बघ,” ती म्हणाली. “माझा भाऊ या बाईला उभ्या जन्मात कधी हरलो म्हटला नाय.”