ऑर्गनातली नासपती

शनिवारी दुपारी गॉटहोल्ड वीगांटने बायकोला तिसऱ्यांदा बजावलं की चर्चच्या सज्जातल्या खोलीएवढ्या ऑर्गनात ठेवलेल्या नासपतींच्या टोपल्या आजच्या आज घरी ने. रोझिनानेही तिसऱ्यांदा सांगितलं की तळघरात ओल आहे, फळं सडतील, आणि अख्ख्या आउएनरोड गावात ऑर्गनाच्या पोटाइतकी कोरडी जागा नाही. शेवटी तिने टोपल्या ऑर्गनाच्या दारापासून उचलून आत, सूर उघडणाऱ्या लाकडी पट्ट्यांच्या मागच्या फळीवर नेऊन ठेवल्या.

"आता पाहुण्यांच्या बापालाही दिसायच्या नाहीत," ती म्हणाली.

पाहुणे म्हणजे जिल्ह्याचे मोठे पाद्री. उद्या ते ऑर्गन तपासणार होते. वीगांटांच्या चार पिढ्यांनी या गावात ऑर्गन वाजवला होता. आता ही जागा गॉटहोल्डच्या मुलाला, लोरेन्त्सला मिळणार की शहरातल्या कुणाला, ते उद्या ठरायचं होतं. नोकरीबरोबर राहतं घरही होतं. ऑर्गनाची हेळसांड झालीय असं मोठ्या पाद्रींनी लिहिलं, तर वसंतात सगळ्यांना बिऱ्हाड हलवावं लागणार होतं.

रविवारी पहिलं भजन झकास झालं. ते संपवून गॉटहोल्डने दोन्ही हात वर घेतले, तरी एक सूर वाजतच राहिला. त्याने बोटं पाहिली, मग पाय पाहिले. हातपाय सगळे जागच्या जागी होते. तो सूर बंद करायची खुंटी अडकून बसली होती, ती तसूभर हलेना.

या घरात भांड्याला भांडं बेसूर लागलं तरी जेवणारे घास थांबवायचे. त्याला अपवाद फक्त आजोबांचा. ते ठार बहिरे होते, आणि मागच्या खोलीत ऑर्गनाला हवा देणारे भाते तुडवायचं काम त्यांच्याकडेच होतं. गॉटहोल्डने भाते थांबवायची घंटा वाजवली, पुन्हा वाजवली. आजोबा मोठ्या पाहुण्यांच्या मानासाठी घाम गाळत राहिले.

खाली प्रार्थना सुरू झाली, सुरासकट. माना वर वळायला लागल्या.

"संपलं," गॉटहोल्ड पुटपुटला. "घर गेलं."

"बाबा, आता हाच सूर धरून वाजवू या," लोरेन्त्स व्हायोलिन उचलत म्हणाला. "मुद्दाम केल्यासारखं वाटू दे."

दुसरा इलाजच नव्हता. उरलेली तिन्ही भजनं बापलेकांनी त्या एका सुराभोवती फिरवली. शेवटचं इतकं वर गेलं की लोहाराच्या बायकोने अर्ध्यावरच गाणं सोडून दिलं. तेवढ्यात धाकटी मुलगी डोरटे रविवारच्या झग्यासकट ऑर्गनाच्या पोटात शिरली. एक नासपती टोपलीतून घरंगळून त्या सुराची पट्टी दाबून बसली होती. तिने ती उचलली आणि सूर गप्प झाला.

पण मोठे पाद्री जिना चढत होते. नासपती लपवायला जागा सापडेना, म्हणून डोरटेने ती खायला घेतली.

मोठ्या पाद्रींनी धुळीने माखलेल्या, गाल फुगलेल्या मुलीकडे पाहिलं. मग ऑर्गनाचं दार उघडून आत डोकं घातलं आणि ते बराच वेळ वास घेत उभे राहिले. बायकोचं ऐकलं याचा गॉटहोल्डला मनापासून पश्चात्ताप होत होता.

"किती टोपल्या?" आतून आवाज आला.

"तीन," त्यांच्या मागोमाग जिना चढून आलेली रोझिना म्हणाली.

मोठे पाद्री बाहेर आले. त्यांनी बाहीवरचं जाळं झटकलं.

"माझे वडीलही गावचे ऑर्गनवालेच होते," ते हळूच म्हणाले. "नासपती घरंगळते, बाई. आमची आई कोबी ठेवायची."

अहवालात त्यांनी लिहिलं की ऑर्गन कोरडा आणि सुस्थितीत आहे, मुलगा प्रसंगावधानी आहे, जागा त्यालाच द्यावी. त्या हिवाळ्यात नासपती तळघरात सडल्या, आणि चाळीस कोबी गॉटहोल्डने स्वतः जिन्यावरून वर वाहून नेले.